स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा अडायचं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा उजवा खांदा दुखायला लागला. शाळा नुकतीच सुरू झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत फळ्यावर लिहिण्याची सवय मोडलेली असते, वयही त्रेपन्न, म्हणून रोज रात्री बाम चोळून झोपायचे. आठ-दहा दिवस झाले तरी उतार पडेना, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात वर करायला लावला, पाठीमागं न्यायला लावला आणि विचारलं, "बाई, शाळेला कशानं जाता?" म्हटलं, गाडीनं. "पॉवर स्टेअरिंग आहे ना?" आहे की. "मग आधी गाडी कुणाला तरी दाखवा. खांद्याला ओढ बसलीय."

तिथून सुरू झालं ते सप्टेंबरपर्यंत चाललं. या काळात मला सगळ्यात जास्त गरज होती ती हे आधी भोगलेल्या कुणाच्या तरी चार शब्दांची, म्हणून तारखा आणि पैशांसकट सगळं लिहून ठेवतेय. मी मराठी शिकवते, गाडीतलं मला काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सप्टेंबर २००९ मध्ये घेतलेली डिझेल हॅचबॅक, हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबानं मदत करणाऱ्या, पॉवर स्टेअरिंगची. आप्पा बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर होते, उभा जन्म लेथवर गेला. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ही एकच मोठी वस्तू घेतली. आता ते चौऱ्याहत्तरचे आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून गाडी मारत नाहीत, पण दर रविवारी फडकं घेऊन पुसतात. मी टिळकवाडीतून निघते, तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुलावरून उद्यमबाग, पिरनवाडी, आणि तिथून उजवीकडं वळून जांबोटीच्या रस्त्याला लागते. शाळा जांबोटीच्या अलीकडं एका गावात आहे. पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो हे त्या भागातल्यांना सांगायला नको. तांबडा चिखल दारांच्या हँडलपर्यंत चढतो.

डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा लक्ष देऊन गाडी चालवली. पिरनवाडीला वळण घेतल्यावर एरवी चाक आपोआप सरळ होतं, हातातून सरकत जागेवर येतं. ते येईना. मला ओढून सरळ करावं लागत होतं. किती दिवसांपासून ओढत होते कोण जाणे. हळूहळू जड होत गेलं की अंगवळणी पडतं आणि कळत नाही. आपल्या गाडीचं स्टेअरिंग बरं आहे की नाही याची शंका असेल तर वळणानंतर ते आपणहून परततंय का एवढंच बघा. मोकळ्या जागेत, अगदी सावकाश वेगात, मूठ सैल करून.

यात दुसरी एक घाई होती. गाडीची आरसी ३ सप्टेंबर २०२४ ला संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन निरीक्षकाला दाखवावी लागते. जड स्टेअरिंगची गाडी घेऊन मी तिथं जाणार नव्हते. मुदत संपल्यावर अर्ज केला तर दर महिन्याला ५०० रुपये दंड. म्हणजे माझ्या हातात अडीच महिने होते.

सगळ्यात आधी हवा तपासली, कारण तिला पैसे पडत नाहीत. पुढच्या चाकांत हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड होतं. किती हवी ते ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या कागदावर असतं. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो, तसं करू देऊ नका. माझ्या पुढच्या दोन्ही चाकांत चार-चार पौंड कमी निघाली. भरली. रत्तीभर फरक पडला नाही.

२४ जूनला, सोमवारी, घराजवळच्या गॅरेजला गाडी दिली. आमच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगची ती जागा. त्यांनी खालून पाण्यानं धुतली, ग्रीस भरलं, जिथं जिथं गंज दिसला तिथं स्प्रे मारला आणि ६०० रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी स्टेअरिंग चक्क हलकं! मी आप्पांना सांगितलं, झालं काम. खांदाही आठवडाभरात सुटला.

दहा दिवसांनी पुन्हा जड झालं, आणि आधीपेक्षा जास्त.

हे दहा दिवस नीट लक्षात ठेवा, पुढं त्यांचा उपयोग झाला. मला तेव्हा त्यात काही अर्थ दिसला नव्हता. मी फक्त चिडले होते.

६ जुलैला पुन्हा त्याच गॅरेजात. या वेळी ते म्हणाले, पॉवर स्टेअरिंगचं ऑईल जुनं झालंय. बॉनेट उघडून दाखवलं, डबीतलं ऑईल काळपट होतं खरं. ते काढून नवं भरलं, ९५० रुपये. इथं एक जपा. या डबीत कुठलं ऑईल घालायचं ते तिच्या टोपणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि शेजारीच ब्रेक ऑईलचीही डबी असते. एकातलं दुसऱ्यात गेलं तर सगळी रबरं फुगून वाटोळं होतं. मी शेजारी उभी राहून बाटलीवरचं नाव वाचून घेतलं. पट्टाही बघायला लावला, कारण ऑईलला दाब देणारा पंप पट्ट्यावर फिरतो आणि पट्टा सैल असला की स्टेअरिंग पूर्ण वळवताना किंचाळतो. आमचा किंचाळत नव्हता. अंगठ्यानं दाबल्यावर जेमतेम सेंटीमीटरभर दबला. ऑईल बदललं, पट्टा ठीक, स्टेअरिंग तसंच.

मग शेजाऱ्यांच्या सल्ल्यानं १३ जुलैला शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गेले. तिथं टोकन, जॉब कार्ड, बसायला खुर्ची असं सगळं होतं. तपासणीचे ५०० रुपये. तासाभरानं एका तरुण मुलानं येऊन सांगितलं, "मॅडम, रॅक गेलाय." रॅक म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांच्या डावी-उजवीत बदलणारा लांब दांडा आणि त्याची पेटी. मजुरी धरून १८,५०० रुपये. तोही नवा मिळत नाही, दुरुस्त केलेला बसवावा लागेल, सहा महिन्यांची गॅरंटी. चार दिवस गाडी ठेवा.

मी विचारलं, रॅकच गेलाय हे कशावरून? तो म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीत हेच जातं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. त्याच्याकडं त्या सकाळी दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. पण माझ्या गाडीचं काहीही न सोडता, न उचलता हे ठरलं होतं, आणि एवढे पैसे घालून फरक पडला नसता तर तोच मुलगा मला पुढचं काहीतरी सांगणार होता. मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

घरी आप्पा काहीच बोलले नाहीत. जेवले, पान लावलं, आणि झोपायच्या आधी म्हणाले, "रॅक वाजतोय का?" नाही. "ऑईल गळतंय का? रबराच्या भात्यात ओल हाय का?" माहीत नाही. "उद्या बघू की."

दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस उघडलेला होता. आप्पांनी आधी पुढच्या चाकांच्या आत बॅटरी मारून रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी भाते चाचपले, बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. कोरडे. मग चार वर्षांनी पहिल्यांदा ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले. मला म्हणाले, इंजिन चालू कर. गाडी जागेवरच, अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर. चष्मा काढून त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला, डोळे मिटले आणि दोन्ही हातांच्या फक्त बोटांनी स्टेअरिंग फिरवायला लागले. अगदी सावकाश. डावीकडं, मग उजवीकडं, पुन्हा डावीकडं. शेवटाला नेऊन दाबून धरत नव्हते, थोडं अलीकडंच थांबायचे, कारण शेवटाला दाबून धरलं की पंप तापतो. मला वाटलं थकले. पण ते मोजत होते.

"ह्यात दोन जागा हायत बघ," ते म्हणाले. "एका फेऱ्यात दोनदा अडतंय. अडतंय, सुटतंय, अडतंय, सुटतंय. तू बस."

मी बसले, डोळे मिटले. आधी काही कळेना, नुसतं जड लागत होतं. आप्पा बाहेरून म्हणाले, "जातं फिरवल्यासारखं फिरव, ओढू नको." लहानपणी आजीसमोर जात्याचा दुसरा हात धरलेला मला आठवतो. पाळीत खडा गेला की खुंटा दर फेऱ्याला त्याच जागी हाताला अडायचा. तसं फिरवल्यावर कळलं. स्टेअरिंग सगळीकडं सारखं जड नव्हतंच. वरची खूण घड्याळातल्या दोनवर आली की अडायचं, तीन-चारच्या पुढं सैल, आणि बरोबर समोर आठवर आली की पुन्हा अडायचं. महिनाभर मी ते रोज दोन वेळा हातात धरत होते आणि मला ते फक्त "जड" एवढंच माहीत होतं.

आप्पांचं म्हणणं असं: ऑईल, पंप, पट्टा, टायर यातल्या कशानं जड झालं तर सगळीकडं सारखं जड लागेल. एका फेऱ्यात ठरलेल्या दोन जागी अडतंय म्हणजे स्टेअरिंगबरोबर फिरणारी एखादी गोष्ट अडतेय. आणि फिरणाऱ्या दांड्यात वाकड्या कोनात वळण द्यायचं असलं तर तिथं क्रॉस असतो, अधिकाच्या चिन्हासारखी चार टोकांची खिटी. ती एका अंगानं गंजली तर फेऱ्याला दोनदा अडते. त्यांनी हे कारखान्याच्या यंत्रांत आयुष्यभर बघितलं होतं. पण गाडीत तो क्रॉस कुठं असतो, कसा सोडायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "हे सोडून बघणारा माणूस पायजे," ते म्हणाले. "बदलणारा नको."

तो माणूस मिळायला आठवडा गेला. आप्पांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं नाव सांगितलं. खानापूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच काम करणारे मिस्त्री, हाताखाली एक कानडी पोरगा. फोनवर मी विचारलं, "मामा, रॅक न बदलता आधी शोधून द्याल का कुठं अडतंय ते?" ते म्हणाले, "बाई, शोधायलाच वेळ लागतो की. शनवारी दुपारी आणा, बाकीची कामं ठेवत न्हाई."

२७ जुलै. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आप्पांना घेऊन गेले. त्या दुपारचं थोडं जास्त लिहिते, कारण हाच भाग मला कुणी आधी सांगितला असता तर मी पन्नास दिवस आणि दोन हजार रुपये वाचवले असते.

मिस्त्रींनी आधी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. कधीपासून, पावसात जास्त का, सकाळी जास्त का, वळल्यावर परत येतं का, कुणी काय काय केलं, असं सगळं विचारून घेतलं. स्प्रे मारल्यावर दहा दिवस हलकं झालं होतं हे मी सांगितलं तेव्हा ते थांबले. "कुठं मारला स्प्रे?" खालून, सगळीकडं. "मग रोग स्प्रे पोचतो तिथंच हाय. रॅकच्या आत स्प्रे जात न्हाई."

मग मागच्या चाकांना दगड लावले, गाडी पुढून जॅकवर उचलली आणि दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही हे त्यांनी पोराला माझ्यासमोर पुन्हा बजावलं. इंजिन बंद, किल्ली मात्र एक घर फिरवलेली, नाहीतर स्टेअरिंगचं लॉक पडतं आणि तेच अडतंय असं वाटतं. चाकं अधांतरी असताना गाडीचं वजन त्यांच्यावर नसतं, त्यामुळं इंजिन बंद असूनही स्टेअरिंग बऱ्यापैकी सहज फिरायला हवं. आमचं तसंच अडत होतं. त्याच दोन जागी. म्हणजे टायर, पट्टा, पंप, ऑईल यांचा यात संबंध नाही हे पाच मिनिटांत ठरलं.

पोरगा स्टेअरिंगवर बसला होता. तो ओरडला, "बिगी ऐत्रि!" आपल्याकडं बिगीबिगी म्हणजे झपझप, त्याच्या भाषेत बिगी म्हणजे घट्ट. आप्पांना दोन्ही येतात, ते हसले.

पुढची पायरी. रॅकपासून दोन्ही चाकांकडं जाणारे दांडे, म्हणजे टाय रॉड, चाकांपासून सोडवले. आता चाकं वेगळी आणि स्टेअरिंग वेगळं. मिस्त्रींनी एकेक चाक हातानं डावी-उजवीकडं फिरवून बघितलं. लोण्यासारखं फिरत होतं. म्हणजे चाकाजवळचे बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बरच्या वरचं बेअरिंग ठीक. स्टेअरिंग फिरवलं तर अजून अडतंच. म्हणजे राहिलं काय? रॅक, नाहीतर स्टेअरिंगपासून रॅकपर्यंत येणारा दांडा.

आणि मग शेवटची पायरी, जी मोठ्या गॅरेजात कुणी केली नव्हती. ड्रायव्हरच्या पायांपाशी, जिथं दांडा पत्र्यातून इंजिनच्या बाजूला जातो, तिथल्या सांध्याचा बोल्ट काढायचा. काढण्याआधी त्यांनी ब्रशनं पिवळ्या रंगाची एक रेघ दांड्यावर आणि सांध्यावर मिळून ओढली. पुन्हा बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे, नाहीतर चाकं सरळ आणि स्टेअरिंग तिरकं अशी गत होते. आमच्या गाडीत एअरबॅग नाही. एअरबॅगच्या गाडीत हे काम करताना आधी बॅटरी सोडवतात आणि दांडा सुटल्यावर स्टेअरिंग फिरू देत नाहीत, कारण आतली गुंडाळलेली वायर तुटते. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर मिस्त्रीला हे आधी विचारा.

सांधा सुटला. मिस्त्रींनी रॅकच्या बाजूचं टोक पकडीत धरून फिरवलं. दोन्ही शेवटांपर्यंत सारखं फिरलं, कुठंही अडलं नाही. रॅक चांगला होता. मग सुटलेला दांडा त्यांनी माझ्या हातात दिला.

वीतभर लांबीचा, दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. वरचा क्रॉस कसाही हलत होता. खालचा एका अंगानं हलायचा, पण दुसऱ्या अंगानं मला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला, आणि कट्ट असा आवाज होऊन तो जिथं नेला तिथंच राहिला. खिटीच्या टोपीभोवती गंजाची पूड बसली होती, बोटाला लागली तर कुंकवासारखी. दांडा पत्र्यातून जातो तिथलं रबरी झाकण फाटलेलं होतं, आणि जांबोटी रस्त्याचं पाणी कित्येक पावसाळे थेट त्या क्रॉसवर उडत होतं.

मी विचारलं, पॉवर स्टेअरिंग चांगलं असताना मला एवढा जोर का लावावा लागायचा? मिस्त्रींनी समजावलं ते असं. ऑईलचा दाब मदतीला येतो तो रॅकपाशी. दांड्यातून तिथपर्यंत जेवढा पीळ पोचतो त्यावर किती मदत द्यायची ते ठरतं. अडचण त्याच्या वर, तुमच्या हातात आणि त्या जागेच्या मध्ये आहे. क्रॉसला फिरवायचा सगळा जोर तुमच्या खांद्याचा. आणि वळणानंतर चाकांची सरळ व्हायची ओढ याच सांध्यापाशी येऊन अडते, म्हणून स्टेअरिंग परतत नाही.

आप्पांच्या मनात आलं की क्रॉस तेवढा काढून उद्यमबागेत ओळखीच्या लेथवर नवी खिटी करून घ्यावी. त्यांनी मापंही घ्यायला सुरुवात केली होती. मिस्त्री अदबीनं पण ठाम म्हणाले, "आप्पा, तुमचा हात सोन्याचा असंल. पण ह्या टोप्या ठोकून बसवलेल्या असतात, परत तशा बसत न्हाईत. स्टेअरिंगात जुगाड आनी वेल्डिंग मी करत न्हाई. सुटलं तर बाई घाटात असतील." आप्पा दांडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "नवाच घाल."

नवा दांडा बेळगावात दोन दुकानांत नव्हता. कोल्हापूरहून मागवला, २,६०० रुपये, जुन्या दांड्याचा फोटो आणि चेसिस नंबर पाठवून. एकाच गाडीत वर्षागणिक लांबी बदललेली असते, म्हणून नुसतं मॉडेल सांगून मागवू नका. रबरी झाकण १८० रुपये. तोवर गाडी शेडमध्येच ठेवली. गंजलेला क्रॉस मध्येच पूर्ण अडकू शकतो, म्हणून मिस्त्रींनी ती घरी नेऊ दिली नाही. मी आठवडाभर बसनं गेले. कर्नाटकात सरकारी बस बायकांना आधार कार्ड दाखवून फुकट आहे, त्यामुळं खर्च काही नाही, फक्त सकाळी पावणेसातला निघावं लागायचं.

३ ऑगस्टला दांडा बसला. नवा बोल्ट, जुन्या दांड्यावरची पिवळी रेघ नव्यावर उतरवून जुळवलेली, आणि घट्ट केल्यावर बोल्टाच्या डोक्यावरूनही रेघ. मजुरी शोधण्यासकट १,२००. टाय रॉड सोडलेले असल्यामुळं त्यांनी दुसरीकडून अलाइनमेंट करून घ्यायला सांगितलं, ती ४५०. परत येताना पिरनवाडीच्या नाक्यापर्यंत मुद्दाम गेले आणि वळले. मूठ सैल केली. स्टेअरिंग माझ्या तळव्यांतून सरकत सरळ झालं. आप्पा शेजारी होते, समोर बघत होते, पण त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, "आता खांद्याला बाम नको."

एकूण खर्च ६,४८० रुपये झाला. त्यातले कामाचे ४,४३०, बाकीचे २,०५० शोधाशोधीचे. स्प्रेच्या ६०० रुपयांना मी वाया गेलेले म्हणत नाही, त्यानंच मिस्त्रींना वाट दाखवली.

आता आरटीओ. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. मी ५ ऑगस्टला ऑनलाइन भरला, फॉर्म २५. फी तेव्हा ५,०००, ही १ एप्रिल २०२२ पासून, त्याआधी ६०० होती, त्यामुळं जुन्या माहितीवर जाऊ नका. ग्रीन टॅक्स आणि कार्डाचे पैसे वेगळे. गाडी आप्पांच्या नावावर, म्हणून सही त्यांची आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. आरसीला जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला निघाला. तो बदलण्यात चार दिवस गेले. हे आधी तपासून घ्या. विमा चालू हवा, एमिशनचा (पीयूसी) कागद चालू हवा, आणि २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना नव्या पद्धतीच्या नंबर प्लेट हव्यात. त्या मी मे महिन्यातच लावल्या होत्या.

तपासणीची तारीख मिळाली १३ ऑगस्ट, मंगळवार. साडेदहाला पोचलो, निरीक्षक गाडीपाशी आले तेव्हा पावणेदोन झाले होते. पाण्याची बाटली आणि वडीलधाऱ्यांसाठी काहीतरी खायला जवळ ठेवा. खिडकीवर सगळं कानडीत. "एन् आगबेकु?" म्हणजे काय काम आहे. मला कामापुरती येते, आणि माझा अनुभव असा की आपण मोडकीतोडकी बोलायला लागलो की समोरचा माणूस निम्मं मराठीत बोलतो. कागदांच्या तीन झेरॉक्स नेल्या होत्या, दोन लागल्या. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्यावा लागतो. नंबरावरचा चिखल आणि ग्रीस घरूनच पुसून नेलं तर तिथं खाली वाकून खरवडावं लागत नाही.

निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, वायपर बघितले, नंबर ताडला. मग दारातून हात आत घालून एका हातानं स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं फिरवलं. मी त्यांच्या मनगटाकडं बघत होते. काही न बोलता त्यांनी सही केली. कार्ड २९ ऑगस्टला पोस्टानं घरी आलं, २०२९ च्या सप्टेंबरपर्यंत. नाव आप्पांचंच.

मिस्त्रींनी हजार किलोमीटरनंतर एकदा बोल्ट दाखवून जा असं सांगितलं होतं. गणपती उरकल्यावर, २१ सप्टेंबरच्या शनिवारी गेले. पोरानं पायांपाशी वाकून बॅटरी मारली आणि मला बोलावलं. दांडा, सांधा आणि बोल्टाचं डोकं यांवरून गेलेली पिवळी रेघ अखंड होती, कुठं केसभरही सरकली नव्हती. खाली नवं रबरी झाकण, त्याच्यावर तांबड्या चिखलाचे वाळलेले थेंब, आणि आतला दांडा कोरडा. पैसे विचारले तर मिस्त्री म्हणाले, बघायचे कसले पैसे, बाई. त्यांच्या टेबलावर स्पॅनर पुसायच्या फडक्याशेजारी आमचा जुना दांडा अजून पडलेला होता. आप्पांनी तो मागून घेतला.